कीटकनाशकांनी दूषित झालेल्या जमिनीचे व भूजलाचे शुद्धीकरण

कीटकनाशकांचा कारखाना बंद पडल्यानंतर त्याच्या आवारातील माती, पुरलेला कचरा आणि जमिनीखालचे पाणी यांत उरलेली विषारी द्रव्ये काढून घेणे, नष्ट करणे किंवा ती पसरणार नाहीत अशी कोंडून ठेवणे, याला दूषित स्थळाचे शुद्धीकरण म्हणतात. भारतात या विषयाची चर्चा भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यापासून सुरू होते आणि अजून तरी तिथेच येऊन थांबते. 2 व 3 डिसेंबर 1984 च्या रात्री झालेल्या वायुगळतीमुळे हा कारखाना जगाला माहीत झाला. मात्र तेथील मातीचे आणि पाण्याचे दूषण त्या रात्री झालेले नाही. त्या रात्री सुटलेला मिथाइल आयसोसायनेट हा वायू पाण्याशी चटकन अभिक्रिया पावतो. जमिनीत तो वर्षानुवर्षे टिकत नाही. जमिनीत जे मुरले ते 1969 पासूनच्या रोजच्या कामकाजातून मुरले, आणि गळती झाली नसती तरी ते तिथे असतेच.

दूषणाचा उगम : भोपाळच्या कारखान्यात प्रामुख्याने कार्बारिल (व्यापारी नाव सेव्हिन), आल्डिकार्ब (टेमिक) आणि कार्बारिल व गॅमा एचसीएच (हेक्साक्लोरोसायक्लोहेक्झेन) यांचे मिश्रण असलेले सेव्हिडॉल ही कीटकनाशके तयार होत. सुरुवातीच्या वर्षांत टाकाऊ द्रव्ये, नासका माल आणि भांड्यांच्या तळाचा डांबरासारखा चिकट गाळ आवारातच खड्डे करून टाकला जाई. अशा टाकण्याच्या एकवीस जागा पुढे नोंदल्या गेल्या. 1977 मध्ये कारखान्याच्या उत्तरेस सुमारे 32 एकरांवर सौर बाष्पीभवन तळी बांधण्यात आली. सांडपाणी त्यांत सोडायचे, उन्हाने पाणी उडून जाईल आणि तळाशी गाळ राहील, अशी ती योजना होती. तळ्यांच्या बुडाशी प्लास्टिकचे अस्तर होते. 1982 मध्येच तळ्यांतून गळती होत असल्याचे कंपनीच्या अंतर्गत पत्रव्यवहारात नमूद झाले होते. पावसाळ्यात तळी भरून वाहत, आणि भोवती झोपडवस्ती वाढत होती. 1990 च्या दशकात तळ्यांतील गाळ गोळा करून एका तळ्यात पुरण्यात आला व त्यावर मातीचे आच्छादन घालण्यात आले. 1998 मध्ये कारखान्याची जमीन मध्य प्रदेश शासनाकडे परत आली, ती या सर्व साठ्यासकट.

द्रव्यांचे स्वभाव : शुद्धीकरणाची पद्धत ठरते ती विष किती तीव्र आहे यापेक्षा ते मातीत कसे वागते यावर. कार्बारिल ओल्या, अल्कधर्मी मातीत काही दिवसांत ते काही आठवड्यांत मोडते आणि त्यापासून नॅफ्थॉल तयार होतो. शेतावर फवारलेल्या कार्बारिलबाबत हे खरे आहे. खड्ड्यात ढेप होऊन पडलेल्या कार्बारिलला मात्र ओल, हवा आणि जिवाणू पोचत नाहीत, म्हणून ते दशकानुदशके तसेच राहते. एचसीएचची गोष्ट आणखी कठीण आहे. हे द्रव्य आल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा अशा अनेक समघटकांचे मिश्रण असते. त्यांपैकी किडे मारतो तो मुख्यतः गॅमा, म्हणजे लिंडेन, आणि त्याचे प्रमाण मिश्रणात साधारण 10 ते 15 टक्केच असते. गॅमा वेगळा काढला की बाकीचा सगळा माल टाकाऊ ठरतो. जगभरच्या लिंडेन कारखान्यांशेजारी पांढऱ्या भुकटीचे डोंगर उभे राहिले ते याच कारणाने. त्यातला बीटा समघटक सर्वांत चिवट असून तो प्राण्यांच्या चरबीत साठतो.

तिसरा गट कीटकनाशकांचा नव्हेच. कार्बन टेट्राक्लोराइड, क्लोरोफॉर्म, डायक्लोरोबेंझीन व ट्रायक्लोरोबेंझीन हे विद्रावक व त्यांच्या बरोबरीची द्रव्ये कारखान्यात मोठ्या प्रमाणावर असत. ती पाण्याहून जड आणि पाण्यात जेमतेम विरघळणारी असतात. जमिनीत सांडल्यावर ती भूजलाच्या पातळीवर तरंगत नाहीत. पाणी बाजूला सारत खाली उतरतात, चिकणमातीच्या किंवा घट्ट खडकाच्या थरावर डबकी करून बसतात आणि तिथून वर्षानुवर्षे थोडी थोडी पाण्यात उतरत राहतात. विहिरीचे पाणी उपसून कितीही शुद्ध केले तरी हे डबके शिल्लक असेपर्यंत पाणी पुन्हा बिघडते. भोपाळच्या भूजलात सापडलेल्या द्रव्यांत या गटाचे महत्त्व मोठे आहे.

तपासणी : नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, 1990 च्या दशकात येथील माती तपासली. आवारातील माती दूषित असल्याचे तेव्हाच दिसले. बाहेरच्या भूजलाबाबत मात्र त्या अहवालांचा सूर निर्धास्त होता. 1999 मध्ये ग्रीनपीसने आसपासच्या विहिरींतील व हातपंपांतील पाण्यात क्लोरीनयुक्त विद्रावक दाखवून दिले. 2009 मध्ये दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने कारखान्यापासून 3 किलोमीटरपर्यंतच्या पाण्यात कीटकनाशके व क्लोरीनयुक्त बेंझिने आढळल्याचे जाहीर केले. 2010 मध्ये नीरी आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था यांनी मिळून अभ्यास केला, आणि त्यात दूषित मातीचा अंदाज सुमारे 11 लाख टन निघाला. पुढच्या तपासण्यांत दूषित पाण्याच्या वस्त्यांची संख्या वाढत 42 वर गेली.

अहवालांत फरक का पडतो, हे समजून घेण्यासारखे आहे. दूषित पाणी जमिनीखाली सरळ रेषेत किंवा सारख्या वेगाने सरकत नाही. एका हातपंपात विष सापडते आणि शंभर पावलांवरच्या दुसऱ्यात सापडत नाही. उन्हाळ्यात नमुना घेतला तर एक आकडा येतो, पावसाळ्यानंतर दुसरा. म्हणून तपासणीसाठी निरीक्षण विहिरी वेगवेगळ्या खोलीवर खणाव्या लागतात आणि सलग काही वर्षे सर्व ऋतूंत नमुने घ्यावे लागतात. एका भेटीतल्या मोजक्या नमुन्यांवर पाणी सुरक्षित ठरवणे धोक्याचे असते, आणि त्या धोक्याची झळ हातपंपावर हंडा भरणाऱ्यांना बसते. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये या वस्त्यांना पिण्यायोग्य पाणी देण्याचा आदेश दिला. कोलार धरणाचे नळाचे पाणी तिथवर पोचायला त्यानंतर कित्येक वर्षे गेली.

पद्धती : मातीवरचा सर्वांत सरळ उपाय म्हणजे ती खणून काढणे. काढलेली माती जास्त दूषित असेल तर भट्टीत जाळतात, कमी दूषित असेल तर अस्तर घातलेल्या सुरक्षित भरावात पुरतात. भट्टीच्या दुसऱ्या कक्षात तापमान 1,100 अंश सेल्सियसच्या वर ठेवावे लागते. क्लोरीन असलेली द्रव्ये जाळताना खरी काळजी धूर थंड होताना घ्यावी लागते: साधारण 200 ते 450 अंशांच्या पट्ट्यात धूर रेंगाळला तर डायॉक्सिने ही घातक द्रव्ये तयार होतात. म्हणून तो पट्टा पाण्याच्या फवाऱ्याने झटक्यात ओलांडतात, मग चुना व सक्रियित कोळसा यांनी धूर धुतात.

जागेवरच ठेवून करण्याचे उपायही आहेत. दूषित भागाभोवती खोल चर खणून त्यात बेंटोनाइट चिकणमातीची भिंत घालतात व वरून अभेद्य आच्छादन टाकतात. पावसाचे पाणी आत जाऊ नये आणि आतले बाहेर येऊ नये, हा त्यामागचा हेतू. भूजलासाठी पाणी उपसून, सक्रियित कोळशातून गाळून परत सोडण्याची पद्धत जुनी आहे. ती प्रसार अडवते, पण साठा संपवत नाही, म्हणून दशकानुदशके चालू ठेवावी लागते. लोखंडाच्या बारीक कणांची भिंत पाण्याच्या वाटेत उभारली तर काही विद्रावकांतील क्लोरीन निघून जातो. जमीन तापवून द्रव्यांची वाफ वर ओढून घेण्याची पद्धत महाग, तरी जड विद्रावकांवर परिणामकारक आहे.

जिवाणूंचा उपयोग हा यातला आशादायी भाग. एचसीएचचे चारही मुख्य समघटक मोडू शकणारा स्फिंगोबियम इंडिकम बी90ए हा जिवाणू भारतातच उसाच्या मुळांभोवतीच्या मातीतून वेगळा करण्यात आला. ज्या मातीत हे औषध वर्षानुवर्षे पडत राहिले, तिथल्या जिवाणूंना ते अन्न म्हणून वापरण्याची क्षमता आली. प्रयोगशाळेबाहेर मात्र त्यांना ओल, हवा आणि पोषण सतत पुरवावे लागते. मातीत विषाच्या ढेपा असतील तर त्यांचे काम तिथे अडते.

भोपाळचा कचरा : 2005 च्या सुमारास आवारातील उघडा कचरा गोळा करून गोदामात भरण्यात आला. पुढे 337 टन म्हणून ओळखल्या गेलेल्या या साठ्यात 162 टन उकरलेली माती, 92 टन सेव्हिन व नॅफ्थॉलचे अवशेष, 54 टन अर्धवट प्रक्रिया झालेली कीटकनाशके आणि 29 टन अभिक्रियापात्रांतील गाळ होता. तो न्यायचा कुठे, यावर वीस वर्षे गेली. गुजरातमधील अंकलेश्वरचा पर्याय मागे पडला. 2011 मध्ये नागपूरजवळील संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीचे नाव पुढे आले. तिथल्या लोकांनी आणि महाराष्ट्र शासनाने विरोध केला व ते बारगळले. 2012 मध्ये जर्मनीला विमानाने पाठवण्याचा प्रस्तावही फिसकटला. ऑगस्ट 2015 मध्ये धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे 10 टन कचरा चाचणी म्हणून जाळण्यात आला. 3 डिसेंबर 2024 रोजी मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने चार आठवड्यांची मुदत दिली, आणि 1 जानेवारी 2025 च्या रात्री बारा बंद कंटेनर सुमारे 250 किलोमीटर दूर पीथमपूरला निघाले. तिथे मोठे आंदोलन झाले. ताशी 135, 180 व 270 किलो अशा तीन चाचण्यांनंतर नियमित जाळणे सुरू झाले आणि जून 2025 च्या अखेरीस ते संपले. चुना मिसळावा लागत असल्याने राखेचे वजन मूळ कचऱ्याच्या दुपटीहून जास्त भरले. ती राख सुरक्षित भरावात ठेवण्याचा प्रश्न नव्याने उभा राहिला.

कचरा जळाल्याची बातमी देशभर भोपाळचे विष संपल्याची बातमी म्हणून वाचली गेली. तो समज चुकीचा आहे. जळाला तो गोदामात पोत्यांत बांधून ठेवलेला साठा. 2010 च्या अंदाजातील 11 लाख टन माती त्याच्या तीन हजार पटींहून जास्त आहे, आणि भूजल या हिशेबात धरलेलेच नाही.

अन्य देशांतील अनुभव : अमेरिकेत डेन्व्हरजवळच्या रॉकी माउंटन आर्सेनल येथे 1942 पासून रासायनिक शस्त्रे आणि 1952 ते 1982 या काळात शेल कंपनीची कीटकनाशके तयार होत. सांडपाण्याची तळी तिथेही होती. 1950 च्या दशकात उत्तरेकडच्या शेतकऱ्यांची पिके विहिरीच्या पाण्याने जळू लागली, तेव्हा दूषण उघडकीस आले. माती खणणे, पुरणे, आच्छादणे हे काम 2010 मध्ये पूर्ण झाले. खर्च 2 अब्ज डॉलरवर गेला. आज तिथे अभयारण्य आहे, तरी सीमेवरची भूजल गाळण्याची यंत्रे चालूच आहेत. मिशिगनमधील सेंट लुइस गावात डीडीटी बनवणारा व्हेल्सिकॉल कारखाना 1978 मध्ये बंद झाला. 1980 च्या दशकात जागेभोवती चिकणमातीची भिंत व वर आच्छादन घालून काम संपल्याचे मानले गेले. भिंत पाझरली, शेजारच्या अंगणांत डीडीटीने पक्षी मेले, गावाच्या पाण्यात डीडीटी निर्मितीचे उपद्रव्य सापडले आणि सगळे काम पुन्हा हाती घ्यावे लागले. स्पेनमधील साबिनानिगो येथे लिंडेनच्या कारखान्याने टाकलेला एक लाख टनांहून अधिक कचरा नदीच्या वरच्या अंगाला पडून आहे.

काळी जमीन आणि बेसाल्ट : निलंगा, औसा या लातूर जिल्ह्यातील तालुक्यांसारख्या दख्खनच्या प्रदेशात अशा स्थळाचे शुद्धीकरण करायचे झाले तर वरच्या सर्व पद्धती जशाच्या तशा लागू पडत नाहीत. काळी माती ओली असताना फुगते व पाणी अडवते; तिच्यातील चिकणकण कीटकनाशकांना धरूनही ठेवतात. उन्हाळ्यात मात्र तिला हात जाईल अशा भेगा पडतात आणि पहिल्या पावसाचे पाणी पृष्ठभागावरचे सर्व काही घेऊन थेट खालच्या मुरमात उतरते. त्याखाली बेसाल्टचे थर असतात. काळ्या फत्तरातून पाणी फक्त भेगांवाटे फिरते, सच्छिद्र मांजऱ्या खडकात ते साठते, गेरूच्या लाल थरावर अडते. जड विद्रावक अशा भेगांत शिरले तर ते कुठे बसले हे शोधणे वाळूच्या प्रदेशापेक्षा फार अवघड जाते, आणि चर खणून भिंत घालण्याचा उपाय फत्तरापाशी थांबतो.

बोअरची भर त्यावर पडते. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, इतका या भागात पाण्याचा ताण असतो. अशा वर्षांत बोअर शेकडो फूट खोल जातात. पुरेशी केसिंग न घातलेला किंवा कोरडा म्हणून उघडा सोडलेला प्रत्येक बोअर वरच्या थरातील पाण्याला खालच्या थरात उतरण्याची वाट करून देतो, आणि जोराचा उपसा दूषित पाणी आपल्याकडे ओढून घेतो. त्यामुळे दख्खनमध्ये शुद्धीकरणाचे पहिले काम, आवाराभोवतीचे सर्व बोअर शोधणे, त्यांची खोली नोंदणे आणि निकामी बोअर सिमेंटने बुजवणे, हेच ठरते.

कायदा : प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये राजस्थानातील बिछडी गावाच्या खटल्यात लागू केले. तिथल्या विहिरी रंगउद्योगातील एच आम्लाच्या सांडपाण्याने नासल्या होत्या, आणि नुकसानीचा अभ्यास नीरीनेच केला होता. भोपाळमध्ये हे तत्त्व अडकले ते मालकीच्या साखळीत. युनियन कार्बाइडने भारतीय कंपनीतील आपला हिस्सा 1994 मध्ये विकला, मूळ अमेरिकी कंपनी 2001 मध्ये डाऊ केमिकलने घेतली, जमीन शासनाकडे गेली, आणि अमेरिकी न्यायालयांनी दूषित पाण्याबद्दलचे दावे फेटाळले. कार्बारिलवर भारतात 2018 मध्ये बंदी आली.

दूषित स्थळांसाठी स्वतंत्र नियम देशात जुलै 2025 मध्ये पहिल्यांदा अधिसूचित झाले. त्यांनुसार जिल्हा प्रशासनाने संशयित स्थळांचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यायचा, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्राथमिक व नंतर सविस्तर तपासणी करायची आणि जबाबदार व्यक्ती किंवा कंपनी ठरवून तिच्याकडून खर्च वसूल करायचा आहे. जबाबदार सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसली तर शुद्धीकरण शासनाने करायचे. नियम आले तेव्हा देशात ओळख पटलेली स्थळे 103 होती आणि प्रत्यक्ष शुद्धीकरण त्यांपैकी सातच ठिकाणी सुरू झाले होते.