पानमळ्यातील सावलीचा इतिहास

कोल्हापूर-सांगली पट्ट्यात, विशेषतः मिरज तालुक्यात, पानमळ्यात पाऊल टाकले की बाहेरचे ऊन एकदम मागे राहते. पानवेल ही मिरीच्या कुळातली. तिचे मूळ आग्नेय आशियातील दमट जंगलांत आहे असे मानतात. तिथे ती झाडांच्या आधाराने, त्यांच्याच सावलीत वाढते. दख्खनच्या कोरड्या हवेत तिला जगवायचे तर ती सावली माणसाने उभी करायला हवी.

हे काम दोन प्रकारे झाले. बंगालमध्ये काठ्या आणि गवताने शाकारलेली बंदिस्त 'बरज' उभारतात. आपल्याकडे सावलीसुद्धा पेरतात! आधी शेवरी, हादगा, शेवगा यांचे बी लावायचे, मग त्यांच्याजवळ वेलाचे तुकडे. झाडे आधार देतात, ऊन गाळतात, वारा अडवतात. इब्न बतूताने 1355 साली पूर्ण झालेल्या प्रवासवर्णनात वेताच्या मांडवावर किंवा नारळाच्या झाडावर चढवलेल्या पानवेलींची नोंद केली आहे. म्हणजे आधाराच्या झाडाची युक्ती जुनीच.

पण शेवरी आणि हादगाच का? दोन्ही शेंगावर्गीय आहेत. त्यांच्या मुळांवरील गाठींतले जीवाणू हवेतला नायट्रोजन बांधून ठेवतात. हे हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी 1886 ते 1888 या काळात दाखवले. 1888 मध्येच बायरिंक यांनी ते जीवाणू वेगळे केले. शेतकऱ्याला कारण ठाऊक नव्हते, पण निवड अनुभवातून आली होती.

मात्र या व्यवस्थेची किंमतही आहे. पान ज्या दमट सावलीत रुंद आणि कोवळे होते, तीच मूळकुज करणाऱ्या फायटोफ्थोरालाही मानवते. शिवाय पानवेल बियांऐवजी तुकड्यांनी वाढवतात. साहजिकच मळ्यातील वेली एकसारख्या असतात आणि रोग आला तर सगळ्याच धोक्यात येतात. म्हणून सावली किती दाट ठेवायची, फांद्या कधी छाटायच्या, हाच मळेकऱ्याच्या कसबाचा गाभा. मळा मोडून ऊस लावला, की ऊस उघड्या उन्हातले पीक असल्याने, हे कसब पुढच्या पिढीकडे जायचे थांबते.

वर्गासाठी एक प्रयोग : शेवरी आणि शेवगा यांची रोपे मुळांसकट हलक्या हाताने उपटून आणा. शेवरीची गाठ कापा. आत गुलाबी रंग दिसला तर ती कामात आहे. शेवगा शेंगा देत असला तरी शेंगावर्गीय नाही. त्याच्या मुळांवर गाठी सापडत नाहीत. असे का, हे आधी मुलांनाच विचारा.