जुना गालिचा काढल्यावर कोब्याला रंग : आधी ओल तपासा, मगच डबा उघडा

हैदराबाद : नांदेड, लातूर, बीदर, आदिलाबाद भागातून हैदराबादेत येऊन स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांची संख्या मोठी आहे. त्यातल्या अनेकांनी जुने फ्लॅट, जुने ऑफिस किंवा तळमजल्याच्या खोल्या घेतल्या आहेत. अशा ठिकाणी भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेला गालिचा हमखास सापडतो. धूळ आणि कुबट वास यांना कंटाळून तो उपटला की खाली डागाळलेला कोबा निघतो. नवीन टाईल्स बसवण्यापेक्षा त्यालाच रंग देणे स्वस्त पडते. मात्र तयारीत कसूर झाली, तर एका पावसाळ्यात पोपडे सुटतात आणि पैसे पाण्यात जातात.

आधी खाली काय आहे ते बघा

गालिच्याखाली दरवेळी कोबाच असेल असे नाही. हैदराबादच्या जुन्या घरांत शहाबादी किंवा तांडूरची फरशी निघू शकते. शहाबाद कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यात, तर तांडूर तेलंगणातल्या विकाराबाद जिल्ह्यात. हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. त्यावर अ‍ॅसिड पडले की फेस येतो आणि दगड खातो. अशी फरशी रंगवू नये, घासून पॉलिश करून घ्यावी.

कोबा असेल आणि त्यावर जुन्या रंगाचा थर दिसत असेल, तर तो कोरडा घासू नये. जुन्या रंगात शिसे असू शकते. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावे, हा नियम देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाची धूळ लहान मुलांना आणि गरोदर बाईला घातक ठरू शकते. असा थर ओला करून खरवडावा.

गोंद काढणे हेच खरे काम

गालिचा सुरीने दोन-दोन फुटांच्या पट्ट्यांत कापून गुंडाळत न्यावा. कडेचे खिळे, लाकडी पट्ट्या काढून घ्याव्यात. उरलेला गोंद आधी रुंद पत्रीने खरवडावा. काही गोंद गरम पाण्याने मऊ पडतात. राहिलेला भाग घासणीच्या मशीनने काढावा. आधी खरवडले नाही तर मशीनचा दगड गोंदाने भरतो, काम पुढे सरकत नाही. सिमेंटची धूळ फुप्फुसांना वाईट, म्हणून साधा रुमाल चालणार नाही, एन-९५ मास्क लागतो. बंद खोलीत पेट्रोल किंवा थिनर ओतून गोंद काढण्याचा उपाय करूच नये. त्याची वाफ पेट घेते.

शेवटी कोब्यावर चार-पाच ठिकाणी पाण्याचे थेंब टाकावेत. मिनिटा-दोन मिनिटांत पाणी मुरले तर कोबा तयार आहे. थेंब तसाच उभा राहिला तर गोंद किंवा तेलकटपणा अजून आहे.

ओलीची परीक्षा

रंग टिकणार की नाही, हे इथे ठरते. जाड प्लास्टिकचा सुमारे ४५ सेंटीमीटर लांब-रुंद तुकडा कोब्यावर ठेवून चारही कडा टेपने बंद कराव्यात. किमान १६ तास, शक्यतो पूर्ण दिवसभर तसाच ठेवावा. उचलल्यावर खाली दव दिसले किंवा कोबा काळपट पडला, तर खालून ओल येते आहे. अशा कोब्यावर इपॉक्सी मारली की फुगे येणारच.

ही परीक्षा मे महिन्यात पास झाली म्हणून निर्धास्त होऊ नये, ती त्या दिवसापुरतीच खरी. ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादच्या अनेक वस्त्यांत पाणी शिरले होते. तळमजला असेल, तलावाजवळचा किंवा मुसीकाठचा भाग असेल, तर पावसाळ्यातही एकदा तपासावे. पांढरा लोणा दिसला तर तीही ओलीचीच खूण. आधी ओलीचा बंदोबस्त, मग रंग.

रंगाचे गणित आणि पद्धत

भेगा सिमेंट किंवा इपॉक्सीच्या लांबीने भराव्यात. भेग दरवर्षी रुंदावत असेल तर इंजिनिअरला दाखवावे. नव्याने सिमेंट भरले असेल तर साधारण २८ दिवस थांबावे.

घरातल्या वर्दळीला दोन भागांची इपॉक्सी टिकाऊ. मात्र दोन्ही भाग मिसळले की घड्याळ सुरू होते आणि उन्हाळ्यात मिश्रण आणखी लवकर घट्ट होते. म्हणून थोडे-थोडे कालवावे. उन्हाची तिरीप येते तिथे इपॉक्सी पिवळी पडते. तिथे वरून पॉलियुरेथेनचा हात द्यावा.

हिशेब सोपा आहे. १० बाय १२ फुटांची खोली म्हणजे १२० चौरस फूट. डब्यावर एका लिटरला ८० चौरस फूट लिहिले असेल, तर दोन हातांना ३ लिटर लागतात. प्रायमर वेगळा. हे सामान कोठीजवळचा ट्रूप बाजार किंवा सिकंदराबादचे राणीगंज इथे बघता येते.

रंगाची सुरुवात दारासमोरच्या भिंतीकडून करावी आणि मागे सरकत दारातून बाहेर पडावे. खिडक्या उघड्या, गॅस बंद. पावसाळी दमट दिवस टाळावेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. दुसऱ्या दिवशी पाय ठेवता आला तरी कपाट, पलंग आठवडाभर आत नेऊ नयेत.

नंतर काय अंथरावे?

पुन्हा चिकटवायचा गालिचा नको, रबरी पाठीची चटईही रंगावर डाग पाडते. साधी सुती सतरंजी उत्तम. वरंगळच्या सतरंज्यांना २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. सतरंजी उचलून झटकता येते, उन्हात टाकता येते. मुख्य म्हणजे, खाली ओल आली तर ती लगेच दिसते.