चेनसॉची साखळी : सरपणासाठी निवड

चेनसॉच्या पट्टीभोवती वेगाने फिरणारी, दाते बसवलेली पोलादी साखळी. इंजिन ती फिरवते; लाकूड कापतो तो दाता. नवे यंत्र घेताना अश्वशक्तीची चौकशी सगळे करतात, साखळीची फारसे कोणी करत नाही. सरपणाच्या कामात मात्र दिवसभराचे कष्ट कमी-जास्त होतात ते साखळीवरच.

आजच्या दात्याचा आकार अमेरिकेतील ओरेगन राज्यातला लाकूडतोड्या जोसेफ कॉक्स याने शोधला. त्याआधीच्या साखळ्यांचे दाते साध्या करवतीसारखे लाकूड ओरबाडत आणि त्यांना वरचेवर धार लावावी लागे. १९४६ मध्ये कॉक्सने लाकूड पोखरणारी भुंगेऱ्याची अळी निरखली. तिचे जबडे डावीकडे-उजवीकडे चालत आणि ती लाकडाच्या तंतूंच्या दिशेने व त्यांना आडवी सारख्याच सहजतेने पुढे जाई. त्यावरून त्याने एकाआड एक डावे-उजवे वळलेले दाते घडवले; १९४७ मध्ये ती साखळी विक्रीला आली.

मापे : निवडीची पहिली अट साखळी यंत्राला बसण्याची. त्यासाठी तीन आकडे जुळावे लागतात. लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधील अंतराचा निम्मा भाग म्हणजे पिच, हा पहिला आकडा; ०.३२५ इंच, ३/८ इंच आणि मोठ्या यंत्रांसाठी ०.४०४ इंच हे पिच नेहमी आढळतात. लहान यंत्रांवर ३/८ इंचाची ठेंगणी साखळी असते. नाव सारखे असले, तरी ती नेहमीच्या ३/८ च्या जागी चालत नाही. दुसरा आकडा पट्टीच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांच्या जाडीचा (१.१, १.३, १.५ किंवा १.६ मिमी) आणि तिसरा त्या कड्यांच्या संख्येचा. पट्टीच्या इंजिनाकडच्या टोकाला हे आकडे बहुधा कोरलेले असतात. पट्टीच्या लांबीवरून साखळी मागू नये : एकाच लांबीच्या दोन पट्ट्यांना वेगवेगळ्या संख्येने कड्या लागू शकतात.

दात्याची घडण : खरी निवड इथे आहे. चौकोनी कोपऱ्याचा दाता ओल्या, स्वच्छ, मऊ लाकडात सर्वांत वेगाने चालतो. पण त्याचे सगळे काम त्या टोकदार कोपऱ्यावर असते आणि मातीचा एखादा थर त्याला बोथट करायला पुरतो. गोलसर कोपऱ्याचा दाता थोडा सावकाश कापतो, मात्र धार बराच काळ धरतो. सरपणाचे ओंडके सहसा जमिनीवर पडलेले, ओढून आणलेले, सालीत माती-वाळू अडकलेले असतात. वाळलेली बाभूळ तर मुळातच कठीण. म्हणून सरपणासाठी गोलसर दात्याचीच साखळी घ्यावी. चौकोनी दात्याने मिळालेला वेग धार लावण्यासाठी थांबण्यात खर्च होतो. सागाच्या लाकडातच सिलिका असते, त्यामुळे साल स्वच्छ असली तरी धार जाते. कार्बाइडच्या टोकांची साखळी मातीला पुरून उरते, पण ती महाग, तिला हिऱ्याची चकती लागते आणि खिळा किंवा दगड लागला की टोके तुटतात. विरळ दात्यांची साखळी लांब पट्ट्यांसाठी असते. १६–१८ इंची पट्टीवर पूर्ण दात्यांचीच बरी. ओंडक्याच्या फळ्या काढण्याची साखळी वेगळी, तिच्या दात्यांचा कोन १० अंशांच्या आसपास असतो. आडव्या कापासाठी ती संथ पडते.

सुरक्षितता : पट्टीच्या नाकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की पट्टी क्षणात उसळून कापणाऱ्याच्या अंगावर येते. हा झटका कमी करणाऱ्या, दात्यांमध्ये उतरत्या कड्या असलेल्या साखळ्या मिळतात. ढिगातले ओंडके कापताना पट्टीचे नाक मागच्या ओंडक्याला सहज लागते, म्हणून नवख्याने हीच साखळी वापरावी. झटका तिने कमी होतो, थांबत नाही. साखळीचा ब्रेक चालू स्थितीत हवाच.

धार : साखळी घेतानाच तिच्या मापाची गोल कानस घ्यावी, ०.३२५ ला ४.८ मिमी, ठेंगण्या ३/८ ला ४ मिमी. कापातून ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा पडू लागला की धार गेली असे समजावे. दात्यापुढचा उंचवटा दाता किती खोल जाईल ते ठरवतो. तो दात्यापेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली असतो. घासून दाता उतरत जातो, म्हणून उंचवटाही मापपट्टी लावून चपट्या कानशीने उतरवावा. तो अंदाजाने जास्त उतरवला तर साखळी लाकडात अडकते आणि झटक्याचा धोका वाढतो. साखळी फिरवणारे दातेरी चक्र झिजले असेल तर नव्या साखळीबरोबर तेही बदलावे.