सशाचे गळू आणि तंजावरचे पशुवैद्यक

तंजावरच्या दक्षिणेला ओरत्तनाडू हे गाव आहे. भोसले घराण्यातील दुसऱ्या सरफोजीराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथे मुक्तांबाळ हिच्या नावाने एक मोठे छत्र उभारले. आपल्या राज्यातील छत्रांचा कारभार कसा चालतो, हे राजांनी १८०१ मध्ये ब्रिटिश रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना पत्राने कळवले होते. वाटसरूंना अन्न, आजाऱ्यांना वैद्य व औषध, अनाथ मुलांना शिक्षण आणि पशुपक्ष्यांनाही त्यांचा वाटा, असा तो कारभार होता. त्याच ओरत्तनाडूत २०१२ पासून तमिळनाडूचे पशुवैद्यक महाविद्यालय आहे. या दोन संस्थांमध्ये सुमारे दोनशे वर्षांचे अंतर आहे. त्या काळात प्राण्यांच्या एका साध्या दुखण्याविषयीची, म्हणजे गळवाविषयीची, समजूत कशी बदलली हे पाहण्यासारखे आहे.

सरफोजीराजांचा वैद्यकातील रस केवळ दरबारी हौसेचा नव्हता. त्यांच्या धन्वंतरी महालात माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधे तयार होत. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय पद्धतींचे वैद्य तेथे एकत्र काम करत, रुग्णांच्या नोंदी ठेवत; डोळ्यांच्या रुग्णांचे कागद आजही उपलब्ध आहेत. सरस्वती महाल ग्रंथालयाने पुढे नकुलाच्या नावावरील ‘अश्वशास्त्र’ १९५२ मध्ये आणि पालकाप्याचे ‘गजशास्त्र’ १९५८ मध्ये छापले. घोडा आणि हत्ती हे राज्याचे बळ, म्हणून त्यांच्यासाठी स्वतंत्र शास्त्र. सशासाठी असे शास्त्र कोण कशाला लिहील? शिवाय आज घरोघरी पाळला जाणारा ससा मुळात इबेरियन द्वीपकल्पातला. कावेरीकाठच्या माळावर धावणारा काळ्या मानेचा ससा ही निराळीच जात. मराठीत दोघांनाही ‘ससा’च म्हणतात, त्यामुळे हा फरक सहसा लक्षात येत नाही.

गळवाविषयीचे जुने ज्ञान मात्र पक्के होते. सुश्रुतसंहितेत सुजेच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा तीन अवस्था सांगितल्या आहेत. कच्चे गळू चिरणारा आणि पिकलेल्याकडे दुर्लक्ष करणारा, असे दोन्ही वैद्य तिथे सारखेच दोषी ठरतात. पाश्चात्त्य शल्यविद्येचा नियमही हाच: पू साचला असेल तर त्याला वाट करून द्या. माणूस, घोडा, बैल, कुत्रा या सर्वांना हा नियम लागू पडतो, कारण त्यांचा पू पातळ असतो आणि छेद दिला की वाहून जातो.

सशाचा पू वाहत नाही. तो लोण्यासारखा किंवा चक्क्यासारखा घट्ट असतो. पू पातळ होण्यासाठी पांढऱ्या पेशींतील विकरांनी मृत ऊतकाचे विघटन करावे लागते. सशाच्या या पेशींत मायेलोपेरॉक्सिडेज हे विकर फारच कमी असते, आणि पू घट्ट राहण्याचे कारण तेच मानले जाते. त्यातच शरीर त्या गोळ्याभोवती जाड पुटी बांधते. छेद देऊन पू दाबून काढला तरी पुटी आत राहते, तिच्या भिंतीत जिवाणू राहतात आणि काही दिवसांत गळू पुन्हा भरते. म्हणजे ‘पिकू द्या, मग फोडा’ हा हजारो वर्षे खरा ठरलेला नियम या एका प्राण्यापाशी अडतो.

मग प्रतिजैविके आली. त्यांच्या इतिहासात ससा आरंभापासून आहे. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२९ च्या निबंधात पेनिसिलिनयुक्त द्रव सशाच्या शिरेत टोचल्याचे आणि तो निरुपद्रवी ठरल्याचे नोंदवले. २५ मे १९४० रोजी ऑक्सफर्डमध्ये आठ उंदरांवर निर्णायक प्रयोग झाला. १९४१ मध्ये ज्या पोलीस शिपायाला हे औषध प्रथम उपचारासाठी दिले गेले, त्याच्या चेहऱ्यावर आणि डोक्यावर गळवेच होती. तो सुधारला. पण औषध इतके थोडे होते की ते त्याच्या लघवीतून परत मिळवावे लागे. साठा संपला आणि तो दगावला. पुढे १९४३ मध्ये गिनीपिग पेनिसिलिनने मरतात असे आढळले. ऑक्सफर्डच्या चमूने उंदरांऐवजी गिनीपिग निवडले असते तर काय झाले असते, याचा विचार केलेलाच बरा.

ससाही याच धोक्याच्या जवळ उभा आहे. त्याचे पचन मुख्यतः अंधनालातील जिवाणूंवर चालते. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन किंवा क्लिंडामायसिन तोंडावाटे दिले तर ही वसाहत कोलमडते, क्लॉस्ट्रिडियम गटातील जिवाणू माजतात आणि त्यांच्या विषाने ससा थोड्याच दिवसांत मरू शकतो. फ्लेमिंग यांचा ससा वाचला याचे एक कारण उघड आहे: औषध आतड्यातून नव्हे, शिरेतून गेले होते.

सशाच्या जबड्यातील गळवांवरचा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर अशा गळवांचा दोष प्रामुख्याने पाश्चुरेला जिवाणूवर टाकला जाई. येथे मात्र दातांच्या मुळाशी राहणारे, प्राणवायूविना वाढणारे जिवाणू सापडले. क्लिंडामायसिन आणि पेनिसिलिनपुढे ते जवळजवळ सर्व नमले. सशाला तोंडाने देण्यास सोयीचे म्हणून वापरले जाणारे सल्फा-ट्रायमेथोप्रिम मात्र त्यांच्यावर फारसे चालले नाही. जे औषध जिवाणूंना मारते तेच गिळले तर सशाला मारते, असा हा पेच आहे.

त्यातून निघालेली वाट अशी: शक्य असेल तेथे गळू न फोडता पुटीसकट अखंड काढायचे. जबड्याच्या हाडात ते जमत नाही. मग पोकळी खरवडून उघडी ठेवायची किंवा तीत प्रतिजैविकाचे मणी भरायचे. पेनिसिलिन द्यायचेच तर त्वचेखाली टोचून, तेही आठवडेच्या आठवडे, आणि ससा खातो आहे का, लेंड्या टाकतो आहे का यावर रोज लक्ष ठेवून. जिवाणूंची तपासणी करायची तर नमुना पुवाच्या मध्यातून घेऊन उपयोग नाही, कारण तिथे बहुधा सारे मेलेलेच असते. तो पुटीच्या भिंतीतून घ्यावा लागतो. प्रतिजैविक एकटेच पुरे पडेल, ही अपेक्षा या आजारात बहुतेक वेळा फसते, कारण रक्तातून आलेले औषध त्या जाड भिंतीतून आत पोहोचतच नाही.

मूळ कारण अनेकदा दातांत असते. सशाचे अठ्ठावीसही दात आयुष्यभर वाढत राहतात आणि चरबरीत गवत चघळूनच झिजतात. बिस्किटे, पोळी आणि गाजर यांवर वाढवलेल्या सशाचे दात वाकडे होतात, मुळे जबड्यात रुततात आणि तिथे गळू धरते. अश्वशास्त्राचे जाणकार घोड्याचे वय त्याचे दात पाहून सांगत. सशाच्या तोंडात मात्र मालक सहसा डोकावतच नाही. हनुवटीखाली कडक गाठ हाताला लागते तेव्हा मुळाशी आजार बराच पुढे गेलेला असतो.