आहारविकृती: उपचार कुणाकडे घ्यावेत?

अॅनोरेक्सियात वजन वाढण्याच्या भीतीने खाणे तोडले जाते. बुलिमियात भरपूर खाऊन अनेकदा मुद्दाम उलटी काढली जाते. हे नखरे नव्हेत, मानसिक आजार आहेत. घरी तो ‘उपवास’ किंवा ‘डाएट’ म्हणून लपतो. वजन नेहमीसारखे दिसले तरी असू शकतो.

वारंवार उलट्यांनी रक्तातील पोटॅशियम घटते, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून डॉक्टरांकडून तपासणी करून मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ आणि आहारतज्ज्ञ यांची एकत्रित मदत घ्यावी. बुलिमियात विचार-वर्तनावर काम करणारी ‘सीबीटी’ थेरपी उपयोगी ठरते. किशोरवयीन मुलांच्या उपचारात पालकांचा सहभाग मोलाचा. ताटावरून टोमणे मात्र नकोत.

‘टेली मानस’च्या १४४१६ क्रमांकावर मराठीतूनही मोफत सल्ला मिळतो. भोवळ, छातीत धडधड असल्यास थेट रुग्णालय गाठावे.