रंगाचे पाणी आणि किरणांचे बळ

कापसाची थोरवी वर्धा जिल्ह्याला सांगावयास नको. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंगणघाटास वणेकाठी आणि पुलगावास वर्धेकाठी कापडगिरण्या उभ्या राहिल्या. आम्ही कामगार-संघटनेतली माणसे. सुताचा आणि पगाराचा हिशेब आम्ही पुष्कळ केला. रंगाच्या हौदातून वाहून जाणाऱ्या पाण्याचा हिशेब मात्र मागेच राहिला. तो आज मांडू.

1856 साली लंडनमध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी क्विनीन बनवावयास गेला आणि त्याच्या हाती जांभळा रंग लागला. 1897 साली जर्मनीची कृत्रिम नीळ बाजारात आली आणि आपल्याकडची निळीची शेती खचली. हे नवे रंग उन्हाला व साबणाला दाद देत नाहीत. गिऱ्हाइकाला हा गुण वाटतो. नदीला तोच अवगुण. हौदातला सगळा रंग सुतावर चढत नाही, आणि उरलेला मैलापाण्यातील जंतूंना सहजासहजी पचत नाही. तुरटी-चुन्याने तो तळाशी बसविला तर गाळ उरतो. तो उपसावयाचा मजुरानेच. मजुराने या रंगांची किंमत फार पूर्वीपासून मोजली आहे. रंगकारखान्यातील कामगारांना होणाऱ्या मूत्राशयाच्या गाठींकडे फ्रँकफुर्टचे शल्यवैद्य लुडविग रेन यांनी 1895 सालीच लक्ष वेधले होते.

आता किरणांकडे वळू. किरण म्हटले की 1956 साली ट्रॉम्बे येथे सुरू झालेली 'अप्सरा' अणुभट्टी आठवते. या कामाला अणुभट्टी लागत नाही. विजेवर चालणारे यंत्र इलेक्ट्रॉनांचा वेगवान झोत पाण्याच्या पातळ धारेवर सोडते. त्या आघाताने पाण्याचेच कण फुटतात, आणि त्यांतून निघालेले अल्पायुषी, अतिशय क्रियाशील तुकडे रंगाच्या रेणूवर तुटून पडतात. रेणूतील जो बंध रंग दाखवितो तोच तुटतो. पाणी मात्र किरणोत्सर्गी होत नाही.

दक्षिण कोरियातील देगू येथे रंगकारखान्यांच्या वसाहतीत 2005 साली असे यंत्र चालू झाले. रोज 10,000 घनमीटर, म्हणजे एक कोटी लिटर पाणी त्याखालून जाऊ लागले. 2020 साली चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात रोज 30,000 घनमीटरांचे यंत्र उभे राहिले.

परंतु रंग गेला म्हणजे विष गेले, असे नव्हे. रेणू अर्धवट तुटला तर त्याचे काही तुकडे मूळ रंगाहूनही घातक ठरू शकतात. म्हणून किरणांची मात्रा पुरेशी हवी, आणि मागाहून जंतूंच्या टाकीतून पाणी न्यावयास हवे. हा खर्च एकट्या लहान रंगाऱ्याला झेपणार नाही. देगूला तो झेपला, कारण अनेक कारखान्यांचे पाणी एका सामाईक केंद्रात येत होते. जलप्रदूषणाचा कायदा आपल्याकडे 1974 सालापासून आहे. त्याच्या जोडीला एवढेच मागू या: सोडलेल्या पाण्याची तपासणी निव्वळ डोळ्यांनी होऊ नये, आणि तिचे आकडे रंगखात्याच्या दारावर, कामगाराला वाचता येतील अशा मराठीत लागावेत.