खाजनातला वसंत

गोव्यातील खाजन म्हणजे भरतीच्या पाण्यापासून बांध घालून राखलेली सखल शेतजमीन. मांडवी व झुआरी यांच्या काठांवर आणि त्यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्याच्या परिसरात ती विशेष आढळते. राज्यातील तिचे क्षेत्र सुमारे १८ हजार हेक्टर मानले जाते. भरतीच्या दाबाने मिटणारी व ओहोटीला उघडणारी लाकडी झडपांची ‘मानस’ हा या रचनेचा प्राण होय. बांध व मानस यांची देखभाल पूर्वापार गावकरी संस्थेकडे असे.

सरद हंगामातील भात कापून झाले की माघ-फाल्गुनात या शेतांना दुसरेच रूप येते. जेथे गोड्या पाण्याची ओल टिकते, तेथे भाताच्या खुंटांमधून गोरखमुंडीची जांभळी, सुगंधी बोंडे वर येतात; शेजारी माशीपत्रीची पिवळी फुले आणि जमिनीलगत पसरलेली जलपिंपळी दिसते. खाऱ्या भागात धाप्याची मांसल पाने आणि त्याची इवली गुलाबी फुले. बांधाच्या पायथ्याशी काटेरी पानांच्या मारांडीला निळसर-जांभळा बहर येतो. सकाळी पिवळे असणारे परस भेंडीचे फूल सायंकाळपर्यंत तांबूस होते. ही झाडे बहुधा ‘तण’ या एकाच शब्दात निकालात काढली जातात, हे खेदाचे आहे.

पक्ष्यांच्या बाबतीत हा काळ निरोपाचा आणि आगमनाच्या तयारीचाही असतो. हिवाळ्यात मळकट दिसणारा पिवळा धोबी जाण्यापूर्वी हळदीसारखा उजळतो. सोन चिखल्याचे पोट काळे होऊ लागते आणि तो सायबेरियाच्या टुंड्राकडे निघतो. पक्षी ओळखू पाहणाऱ्याने म्हणूनच मार्चअखेर व एप्रिलचा आरंभ चुकवू नये. हिवाळ्यातील पुस्तकी चित्रे तेव्हा उपयोगी पडत नाहीत. गायबगळ्याच्या डोक्यामानेवर केशरी छटा चढते, तर वंचकाच्या पाठीवर गडद तपकिरी पिसे येतात. वेडा राघू बांधाच्या मातीत बोगदा खोदून घरटे करतो. टिटवीला तेवढेही कष्ट नकोत. ढेकळांमधील उथळ खळग्यात ती बहुधा चार अंडी घालते. मातीच्याच रंगाची ही अंडी जवळून जाणाऱ्यालाही दिसत नाहीत, त्यामुळे पडीक शेतातील वाळल्या गवताला लावलेली आग त्यांच्यासाठी घातक ठरते.

हे सारे वैभव निसर्गदत्त वाटले, तरी ते मनुष्याच्या राबत्या हातांवर उभे आहे. बांध फुटला किंवा मानस नादुरुस्त झाली, की खारे पाणी शेतात कायमचे शिरते. पुढे तेथे खारफुटी वाढते आणि संरक्षित असल्यामुळे ती तोडता येत नाही. खारफुटीचेही आपले पक्षी असतात. मात्र टिटवी, चिखल्या व धोबी यांना लागणारी मोकळी जमीन नाहीशी होते. २०११ च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेत गोव्यातील खाजनांचे नकाशे व व्यवस्थापन आराखडा करण्याची आणि तेथे विकासकामांना मज्जाव करण्याची तरतूद होती. बांधकाम अशा तरतुदीने रोखता येते. बांधाची डागडुजी मात्र प्रत्येक वर्षी, मृगाच्या आधीच व्हावी लागते. कारण पावसाच्या पहिल्या सरींनी जमिनीतील मीठ धुऊन निघते आणि तेवढ्यावरच कोरगुटसारख्या खारपण सोसणाऱ्या भाताची पेरणी अवलंबून असते.